वाचलेला चंद्र आणि पाहिलेला चंद्र



‘चंद्र : सौंदर्य, लोककथा आणि विज्ञान’ असा विषय आम्हाला दिलेला आहे. अशा विषयावरचं भाषण बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनं जातं. वक्ता आधी चंद्राच्या चार कविता म्हणतो, मग आजीच्या गोष्टी सांगतो आणि शेवटी माणूस चंद्रावर उतरल्यामुळं कवींचा चंद्र कसा गेला याची हळहळ करतो. दुसऱ्या जातीचा वक्ता याच्या उलट करतो. तो कवितेला भाबडी म्हणतो, लोककथेला अडाणी म्हणतो आणि अंतराळयानाला टाळ्या घेतो. आम्हाला या दोन्ही वाटा नकोत.

कवी, लोक आणि शास्त्रज्ञ असे तीन गट पाडून त्यांची झुंज लावण्यात काही हशील नाही. आमच्या मते खरी फूट दुसरीकडंच आहे. एक चंद्र वाचलेला असतो आणि एक पाहिलेला असतो. कवितेत हे दोन्ही सापडतात आणि लोकपरंपरेतही दोन्ही सापडतात. कुठला चंद्र कुणी पाहिला आणि कुठला नुसताच उतरवून घेतला, हे ओळखणं समीक्षेचं काम आहे. ते आज थोडंसं करू.

वाचलेल्या चंद्रापासून सुरुवात करू. शाळेत अलंकार शिकवताना उपमा आली की मुख चंद्रासारखं, रूपक आलं की मुखचंद्र, आणि व्यतिरेक आला की चंद्रापेक्षाही सुंदर मुख. म्हणजे चंद्र बघायच्या आधी आपण तो व्याकरणात पाठ केलेला असतो. लावणीपासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत हाच चेहरा फिरत राहिला. आता असं बघा, चंद्राला सबंध महिन्यात पूर्ण गोल चेहरा एक-दोन रात्रीच असतो. बाकीच्या रात्री तो कोर असतो, अर्धा असतो, फुगीर असतो, किंवा मुळात नसतोच. आपल्या शृंगाराच्या कवितेत मात्र कायम पौर्णिमा. कृष्ण पक्षातल्या दशमीला मध्यरात्रीनंतर उगवणारा उशिराचा चंद्र कवितेत किती वेळा भेटला ते आठवून पाहा.

चकोराचंही तसंच. चकोर चांदणं पिऊन जगतो हा कविसंकेत संस्कृतातून मराठीत आला. चकोर हा खरा पक्षी आहे, तित्तराच्या कुळातला. तो हिमालयाच्या आणि वायव्येकडच्या डोंगरांत राहतो, बिया आणि किडे खातो. मराठवाड्यातल्या माळावर तो नाही. आपल्याकडं चांदण्या रात्री ओरडते ती टिटवी, आणि झाडाच्या ढोलीतून बघतो तो पिंगळा. टिटवीला मात्र आपण अपशकुनी ठरवलं आणि कधी न पाहिलेल्या चकोराला कवितेत आसन दिलं.

इथं कुणी म्हणेल, मग ज्ञानेश्वरांनी चकोर आणला त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. ज्ञानेश्वरांचा चकोर हा चंद्राच्या वर्णनासाठी नाही. श्रोत्याचं लक्ष किती हलकं, किती नाजूक असावं, हे सांगण्यासाठी तो आहे. दाखला परंपरेतून घेतला, पण काम नवं करून घेतलं. संकेत वापरणं हा दोष नाही. संकेत वापरून पुढं काहीच न बघणं हा दोष आहे. ज्ञानेश्वरांच्या मागून सातशे वर्षं जे चकोर उडाले, त्यातले बहुतेक नुसते उडाले.

आता पाहिलेला चंद्र कुठं आहे? तो आपल्या बायकांच्या व्रतांत आहे. भाऊबीज घ्या. जिला भाऊ नाही, किंवा ज्याचा भाऊ दूर आहे, ती चंद्राला ओवाळते. चांदोबा लेकरांचा मामा झाला तो या नात्यानं. आईचा भाऊ तो आपला मामा, सरळ हिशोब आहे. पण यात आणखी एक गोष्ट आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर फार बारीक असते आणि सूर्य बुडाल्यावर साधारण तास-दीड तासात तीही मावळते. म्हणजे ओवाळायचं तर तिन्हीसांजेला निरांजन तयार ठेवून, पश्चिमेला मोकळी जागा बघून उभं राहावं लागतं. उशीर केला की भाऊ गेला! ही चाल जिनं पाडली तिला चंद्र कधी, कुठं आणि किती वेळ दिसतो ते नेमकं ठाऊक होतं. खगोलशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान या ओवाळणीत आहे.

संकष्टीचं बघा. कृष्ण चतुर्थीला चंद्र रात्री उशिरा उगवतो, कारण तो रोज सरासरी पन्नास मिनिटं मागं पडत जातो. उपास चंद्र दिसल्यावर सोडायचा. पूर्वी बाई ओसरीतून अंगणात आणि अंगणातून गच्चीवर जाऊन बघायची. आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळ छापलेली असते, मोबाईलवर येते. बहुतेक वेळा ती मुंबईची असते. बीड मुंबईच्या पूर्वेला जवळपास तीन अंश रेखांशावर आहे, म्हणून आपल्याकडं चंद्र अकरा-बारा मिनिटं आधी उगवतो. समोर बालाघाटाचा डोंगर आडवा असेल तर गोष्ट वेगळी. पण मोकळ्या माळावरची बाई मुंबईच्या वेळेवर उपास सोडत असेल, तर ती दर संकष्टीला दहा-बारा मिनिटं जास्त उपाशी राहते, आणि चंद्र तिच्या डोक्यावर येऊन थांबलेला असतो. छापील वेळेवर विसंबून आपण बघणं सोडलं ते असं. यात व्रतही पातळ झालं आणि निरीक्षणही गेलं.

पुराणातली चंद्राची गोष्ट घ्या. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राच्या बायका, त्यात रोहिणी लाडकी. बाकीच्यांनी तक्रार केली, दक्षानं शाप दिला, चंद्र क्षयानं झिजू लागला, महादेवानं त्याला माथ्यावर घेतलं आणि तो पुन्हा वाढू लागला. आपल्या परळीचा महादेव तर वैद्यनाथ, म्हणजे वैद्यच. ही गोष्ट नुसती सवतीमत्सराची म्हणून ऐकली तर अर्धी ऐकली. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र एक फेरी २७.३ दिवसांत करतो, म्हणून नक्षत्रं सत्तावीस. आणि रोहिणीचा लाल तारा चंद्राच्या वाटेच्या इतका कडेला आहे की काही वर्षं चंद्र त्याला दर फेरीत प्रत्यक्ष झाकतो. पृथ्वीवर कुठून ना कुठून हे पिधान दिसतं. २०१५ ते २०१८ या काळात असं घडत होतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या अंतरानं असे काळ पुन्हा येतात. चंद्र रोहिणीच्या घरी जातो असं म्हणणाऱ्यानं आभाळ बघूनच म्हटलं आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट याच गावात सापडला. तिथल्या पुरुषोत्तमाची यात्रा अधिक महिन्यात भरते. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो, लेक-जावयाला बोलावतो, पुरणाचे धोंडे करतो. हा महिना येतो कुठून? बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस उरतात. ते साठत साठत साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घातला की सूर्य आणि चंद्र पुन्हा जुळतात. म्हणजे पुरुषोत्तमपुरीची जत्रा ही मुळात एका वजाबाकीची जत्रा आहे. लोकांनी उरलेल्या दिवसांना आधी मलमास म्हणून नावं ठेवली, मग त्यालाच पुरुषोत्तमाचं नाव देऊन मान दिला. हिशोबातल्या बाकीला देव मिळाला, अशी उदाहरणं थोडी असतील.

याच जिल्ह्यात मुसलमान शेजारी रमजानचा आणि ईदचा चांद बघतात. ते जादा महिना घालत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. चंद्र एकच आहे. एकानं त्याला शेतीच्या ऋतूंशी बांधून घेतलं, दुसऱ्यानं त्याला मोकळा चालू दिला. पण भाऊबीजेची बाई आणि ईदचा चांद बघणारा माणूस, दोघंही संध्याकाळी पश्चिमेला तीच बारीक कोर शोधत असतात. आमच्या मते हे सौंदर्य मुखचंद्रापेक्षा मोठं आहे, आणि मराठी कवितेनं ते अजून नीट लिहिलेलं नाही.

आता डागाकडं येऊ. पसायदानात ज्ञानेश्वर सज्जनांना डाग नसलेल्या चंद्राची उपमा देतात. तिथं डाग नको, हे बरोबर आहे. पण लोकांनी डाग टाकून दिला नाही. त्यात त्यांनी ससा पाहिला, कुणी हरीण पाहिलं. शशी, शशांक, मृगांक ही नावं डागावरून आलेली आहेत. जातककथेतला ससा दारी आलेल्या पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून स्वतःचं शरीर देतो, आणि इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. चीनमध्येही चंद्रावर ससाच आहे. २०१३ मध्ये चीननं चंद्रावर उतरवलेल्या गाडीचं नाव ‘यूतू’, म्हणजे तोच जेडचा ससा. डाग ही दानाची खूण आहे, असं म्हणणारी ही कथा निष्कलंकाच्या कौतुकापेक्षा आम्हाला जास्त खोल वाटते.

विज्ञान या सशाचं काय करतं? मारतं का? अजिबात नाही. सशाच्या आकृतीत येणारा एक काळा पट्टा म्हणजे शांतीसागर. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ तिथंच उतरलं. तिथून जे दगड आणले त्यात बसाल्ट निघाला, लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. आता तुम्ही आम्ही ज्यावर बसलो आहोत तो दगड कुठला? बसाल्टच. बालाघाटाचा डोंगर बसाल्टचा आहे. बीडच्या कुंडातलं कंकालेश्वराचं देऊळ काळ्या पाषाणाचं आहे, धारूरच्या किल्ल्याखालचा कातळ तोच आहे. वयात फरक आहे. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर चंद्रावरचा बहुतेक तीनशे ते चारशे कोटी वर्षांचा. पण जात एक. पौर्णिमेच्या रात्री कंकालेश्वराच्या पाण्यात चंद्र दिसतो तेव्हा त्याचा डाग आणि देवळाची भिंत ही एकाच जातीच्या दगडाची दोन रूपं असतात. ही उपमा आम्ही रचलेली नाही, ती दगडातच आहे. कवींसाठी विज्ञानानं एवढं ठेवलेलं असताना चंद्र मेला म्हणून कशाला रडायचं?

चंद्रयान ३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते, अष्टमी जवळ आली होती. ही वेळ मुहूर्त म्हणून निवडलेली नव्हती, पण ती चंद्राच्या कलेशी बांधलेली होती. यानाची यंत्रं सूर्याच्या प्रकाशावर चालणारी. उतरायच्या जागी तेव्हा नुकताच सूर्य उगवलेला होता, आणि चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा असतो. म्हणजे शास्त्रज्ञांना कामाला मिळाला तो जवळपास एक पंधरवडा. त्या वर्षी श्रावण अधिक होता. यान चंद्राच्या कक्षेत शिरलं तेव्हा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पुरुषोत्तमपुरीच्या यात्रेचा महिना चालू होता. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव काही नाही. मात्र दोन्हीकडं सूर्य-चंद्राचा हिशोब लागतो, आणि तो हिशोब चुकला तर दोन्हीकडं पंचाईत.

इथपर्यंत आम्ही लोकपरंपरेचं कौतुक केलं. आता तिची दुसरी बाजू. लोककथेचं नुसतं कौतुक करणारी समीक्षा ही समीक्षा नव्हे, ती जत्रेतली पिपाणी आहे.

गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नाही, बघितला तर चोरीचा आळ येतो. नवगण राजुरीच्या गणपतीच्या या जिल्ह्यात हे सांगायला नको. या मागची गोष्ट चांगली आहे. गणपती पडला, चंद्र त्याच्या रूपाला हसला, म्हणून शाप मिळाला. देखण्यानं बेढबाला हसू नये, हे सांगणारी ही कथा म्हणजे सौंदर्याच्या गर्वावरची टीकाच आहे. कथा म्हणून आम्ही तिला पैकीच्या पैकी मार्क देऊ. पण तिच्यापासून निघालेला नियम काय शिकवतो? मान खाली घाल. शुद्ध चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास मावळूनही जातो, आणि तोवर लेकरं भिंतीकडं तोंड करून बसतात. कथा एक शिकवते आणि प्रथा दुसरंच शिकवते. दोघींना वेगळं काढून तपासलं पाहिजे.

ग्रहणाचं प्रकरण याहून गंभीर आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये सांगून ठेवलं आहे की चंद्र सूर्याच्या प्रकाशानं उजळतो आणि ग्रहण सावलीनं होतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत तेच गणित पुढं नेलं. त्यांचं विज्जलविड गाव म्हणजे आमचं बीड, असं म्हणणारे या सभेत असतील. चाळीसगावजवळच्या पाटणवाल्यांचाही दावा आहे. तो वाद आज बाजूला ठेवू. मुद्दा असा की पंचांगात ग्रहणाची जी मिनिटं छापतात, ती राहूच्या तोंडावरून काढलेली नसतात, सावलीवरून काढलेली असतात. सावलीच्या गणितानं वेळ काढायची आणि त्या वेळेला राहूला भ्यायचं, असा हा कारभार.

या भीतीचा भार येतो गर्भार बाईवर. चिरू नको, कापू नको, शिवू नको, पाणी पिऊ नको, हलू नको. नाहीतर लेकरू ओठ फाटलेलं जन्माला येईल. चंद्रग्रहणाचे वेध नऊ तास आधी लागतात. पंचांगसुद्धा गर्भवती, आजारी आणि लहान मुलांना त्यात सवलत देतं, पण घरातली भीती पंचांगापेक्षा कडक असते. आणि लेकरात काही व्यंग निघालं, तर तेव्हा तू विळी हातात घेतली होतीस, हे त्या माउलीला जन्मभर ऐकावं लागतं. दुभंगलेला ओठ ग्रहणामुळं होत नाही. तो गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, अनुवंश आणि इतर कारणांनी होतो, आणि शस्त्रक्रियेनं दुरुस्त होतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास ग्रहण झालं. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि ऐंशी मिनिटांहून जास्त वेळ तसाच राहिला. जिथं आभाळ मोकळं होतं तिथं तो तांब्यासारखा दिसला. पृथ्वीच्या वातावरणातून वळून जो लाल प्रकाश जातो, तो तिथं पडतो. पृथ्वीवरच्या सगळ्या पहाटा आणि सगळ्या सांजा एकदम चंद्रावर पडल्यासारखं. एवढं देखणं दृश्य, आणि ज्या बाईनं ते लेकराला पोटात घेऊन बघायला हवं होतं, ती दार लावून आत बसलेली.

तर आमची कसोटी साधी आहे. जी कथा, जे व्रत, जी कविता माणसाला वर बघायला लावते, ती ठेवा. जी डोळे मिटायला लावते, ती गोष्ट म्हणून सांगा, पण नियम म्हणून पाळू नका.

ही कसोटी कवितेला लावली की एक अवघड गोष्ट समोर येते, आणि बीडमध्ये बोलताना ती टाळता येत नाही. ‘मास’ या संस्कृत शब्दाचा अर्थ महिना आणि चंद्रही. मासिक पाळी हा शब्द त्यातूनच. चंद्राच्या ओढीनं पाळी येते याला भक्कम आधार नाही, पण मोजमाप एकच, महिन्याचं. आपल्या कवितेनं बाईचा चेहरा चंद्रासारखा आहे हे हजारदा सांगितलं. तिचा महिना मात्र कवितेनं पाहिला नाही. दिवाळीच्या मागंपुढं या जिल्ह्यातून नवरा-बायकोचा एक कोयता धरून, उचल घेऊन, हजारो घरं उसाच्या फडावर जातात. तिथं एक दिवस काम चुकलं की खाडा आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढं जे सर्वेक्षण आलं, त्यात या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं अनेक आहेत, त्यात दुखणं आहे, डॉक्टर आहेत, दारिद्र्य आहे. पण पाळीमुळं मजुरी बुडते ही धास्तीही त्यात आहे. चंद्रमुखी म्हणणाऱ्या भाषेत या बाईचा महिना मांडायला जागा नसेल, तर त्या भाषेच्या सौंदर्यदृष्टीत खोट आहे, असं आम्ही म्हणतो.

आणि कोजागरी? लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? आपण गच्चीवर आटवलेल्या दुधात चंद्र बघत जागे असतो. चांगलं आहे, जरूर जागावं. पण त्यानंतर महिनाभरानं कार्तिकी पौर्णिमेला, मध्यरात्री फडावर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणारी बाईही जागीच असते. तिला त्या चंद्राचा उजेड लागतो, पाय कुठं टाकायचा ते बघायला. तिचा चंद्र पाहिलेला आहे. तो कुणीतरी, शक्यतो तिच्याच लेकीनं, लिहायला हवा. तशी कविता आली की तिच्यावर बोलायला आम्ही पुन्हा येऊ.

आज घरी जाताना एक करा. चंद्र असेल तर हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा. अख्खा चंद्र करंगळीच्या टोकाआड जाईल. क्षितिजावर परातीएवढा वाटणारासुद्धा. नसेल, तर तो किती वाजता उगवणार ते दिनदर्शिका न बघता शेजाऱ्याला सांगून बघा.